मोटारीचा क्लच : एका हुनराचा इतिहास



रेवदंड्याविषयी इतिहासाचा लेख म्हटल्यावर आपली नजर प्रथम पोर्तुगीज तटबंदीकडे वळली असेल. ते साहजिकच आहे. कुंडलिकेच्या मुखाशी 1508 मध्ये पोर्तुगीज आणि इजिप्तच्या आरमारांची लढाई झाली व तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा पडला. त्याच्याही सहाशे वर्षे आधी, हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास, अल्-मसूदी हा अरब प्रवासी सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपल्या शेजारचे चौल, असे अभ्यासक मानतात. तेथे सुमारे 10,000 मुसलमान राहतात आणि त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदादहून आलेली माणसे आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. हा मजकूर अशा स्मरणिकांतून आपण अनेकदा वाचला असेल, आणि वाचून अभिमानही वाटला असेल.

परंतु मसूदीनंतर हजार-साडेदहाशे वर्षांनी याच किनाऱ्यावरची आपली माणसे उलट दिशेने ओमानला, कुवेतला, सौदीला गेली. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि ही रीघ वाढली. जाताना त्यांच्या खिशात काय होते? कोणाच्या खिशात वाहन चालवण्याचा परवाना, तर कोणाच्या हातात फक्त पाना धरण्याची सवय. या रोजीवर येथे घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, शाळांना देणग्या मिळाल्या. तरीही या हुनराचा इतिहास कोणी लिहीत नाही. म्हणून आज किल्ला बाजूला ठेवून मोटारीतल्या एका तबकडीविषयी लिहावे असे योजले आहे. ती तबकडी म्हणजे क्लचची प्लेट.

क्लच म्हणजे काय हे समजण्यासाठी गॅरेजमध्ये जाण्याची गरज नाही. जुनी पिठाची किंवा भाताची गिरणी आठवा. इंजिन चालू असे, वर लांब दांडा फिरत असे, आणि त्यावरून चामड्याचा पट्टा खाली जात्याच्या चाकावर येई. तेथे एकाशेजारी एक अशी दोन चाके असत. एक जात्याच्या दांड्याला घट्ट बसवलेले, दुसरे नुसते मोकळे फिरणारे. गिरणीवाला लाकडी दांडक्याने पट्टा मोकळ्या चाकावर सरकवी, की इंजिन चालूच राही आणि जाते थांबे. पट्टा पुन्हा घट्ट चाकावर आणला की दळण सुरू. इंजिन न थांबवता काम थांबवणे आणि हळूहळू पुन्हा सुरू करणे, एवढेच क्लचचे काम आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतही याच तऱ्हेची व्यवस्था होती, आणि कोकणातली हजारो माणसे त्या गिरण्यांत होती. म्हणजे मोटार पाहण्यापूर्वीच आपल्या लोकांनी क्लच हाताळलेला होता; त्याला ते नाव तेवढे दिले नव्हते.

जर्मनीतल्या कार्ल बेंझने 1886 मध्ये ज्या मोटारीचे पेटंट घेतले तिच्यात नेमका हाच गिरणीचा पट्टा होता. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था ही दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी शंभरेक किलोमीटर दूर आपल्या माहेरी घेऊन गेली. चढावर मुलांनी गाडी ढकलली, आणि उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले तेव्हा तिने वाटेत एका चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. धातूवर धातू घासून चालत नाही, मध्ये काहीतरी धरणारे हवे, ही गोष्ट तिने रस्त्यावरच ओळखली. क्लचचा पुढचा सारा इतिहास म्हणजे हे ‘मध्ये धरणारे’ काय असावे याचाच शोध आहे.

1891 मध्ये फ्रान्सच्या पानार-लेव्हासॉर कंपनीने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स अशी मांडणी केली. तीच मांडणी पुढे शंभर वर्षे टिकली. आरंभीचे क्लच बहुधा शंकूच्या आकाराचे असत. पेल्यात पेला बसावा तसा एक शंकू फ्लायव्हीलच्या खोबणीत बसे, आणि शंकूवर चामडे लावलेले असे. हे चामडे फार लहरी. कोरडे पडले की एकदम पकडे, गाडी हरणासारखी उडी मारी; मग चालक त्यावर एरंडेल लावी. तेल जास्त झाले की घसरे. मग त्यावर मुलतानी माती टाकत. होय, चेहऱ्याला लावतात तीच! इंग्रज शोफरच्या पेटीत मुलतानी मातीची पुडी असे, ही गोष्ट मला विशेष गोड वाटते. मात्र ती हसून सोडून देण्यासारखी नाही. क्लचचे दोन मूळ रोग त्या पेटीतच दिसतात : एक घसरणे, दुसरा झटका मारणे. पुढे सामान बदलले, पण रोग तेच राहिले.

इंग्लंडच्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ होता. शेतकरी उतारावर गाडीचे चाक आवरण्यासाठी जुन्या बुटाचे तुकडे वापरतात हे त्याने पाहिले, असे सांगतात. त्याने 1897 मध्ये ब्रेकची अस्तरे बनवण्याचा धंदा सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि एक अक्षर जोडून त्याने ‘फेरोडो’ हे नाव तयार केले. आपल्याकडे घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता, तो याच घराण्याचा. विसाव्या शतकाच्या आरंभी या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस आले. ते उष्णतेने जळत नाही, तंतू असल्याने विणता येते आणि स्वस्त पडते. चामड्याचा शंकू मागे पडला आणि दोन्ही बाजूंनी अस्तर लावलेली सपाट कोरडी प्लेट आली. एका बाजूला इंजिनचे फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांनी दाबणारी प्रेशर प्लेट, आणि त्या दोहोंच्या मध्ये ही क्लच प्लेट. पायाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेट उचलली जाते आणि मधली प्लेट सुटते. अ‍ॅस्बेस्टॉसची किंमत कोणी मोजली, याकडे पुढे यायचेच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. रस्ते येथे उशिरा आले, कारण मध्ये खाड्या. मुंबईला जायचे तर बोट हीच वाट होती, आणि ती वाट किती बेभरवशाची होती हे 17 जुलै 1947 ने दाखवले. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि शेकडो माणसे गेली. पुढच्याच वर्षी, 1 जून 1948 रोजी, पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती. 1954 मध्ये टाटा-मर्सिडीजची ट्रक आली. माझगावची जीप आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या डॉज व फियाट हळूहळू दिसू लागल्या. तरीही रेवदंड्याला रस्ता खाडीशी संपत असे. पलीकडे साळावला जायचे तर होडी, आणि वाहन न्यायचे तर रोह्याकडून वळसा. ऐंशीच्या दशकात कुंडलिकेवर पूल झाला, तेव्हा अलिबाग–मुरूड ही सलग वाट झाली आणि रेवदंडा हे शेवटचे गाव न राहता वाटेवरचे गाव झाले. 1981 मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते. वाटेवरचे गाव झाले की गॅरेज येतेच.

त्या काळच्या जड वाहनांच्या गिअरबॉक्समध्ये दात्यावर दाता थेट चढत असे. गिअर बदलताना चालक एकदा क्लच दाबून न्यूट्रल करी, क्लच सोडी, खालच्या गिअरला जायचे तर अ‍ॅक्सिलरेटरला हलकी थाप देई, पुन्हा क्लच दाबी आणि मग गिअर टाकी. यालाच डबल क्लच म्हणत. दोन्ही दाते एकाच वेगाने फिरू लागले म्हणजे आवाज न होता एकमेकांत बसतात, हे तत्त्व. ते काम आपोआप करणारी सिंक्रोमेशची सोय अमेरिकेच्या कॅडिलॅकने 1928 मध्ये आणली होती, पण आपल्या ट्रकांपर्यंत ती यायला फार वर्षे लागली. एक वेळ पेन-अलिबाग रस्त्यावर कार्ले खिंडीच्या चढाला भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये आवाज न करता घेणे ही चालकाची परीक्षा होती. जुने चालक ऐकून ऐकून शिकले. त्यांच्या कानात इंजिनचा वेग असे. अशा कानांनीच गॅरेजचे उस्ताद घडले.

वाचकहो, आता तोच उस्ताद क्लचचा रोग कसा ओळखतो ते पाहू. यात आपली स्वतःची गाडी असेल तर आपलाही फायदा आहे. कारण क्लचच्या बिघाडात निम्मा खर्च निदान चुकल्यामुळे होतो असे माझे मत झाले आहे. गिअरबॉक्स उतरवणे हे दिवसाचे काम. ते करण्यापूर्वी पाच मिनिटांत तपासता येणाऱ्या गोष्टी तपासल्या पाहिजेत.

पहिला रोग घसरण्याचा. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, आणि थोड्या वेळाने करपल्यासारखा वास येतो. पुलाच्या चढावर किंवा सहा आसनी मिनिडोअर प्रवाशांनी गच्च भरलेली असता हे प्रथम लक्षात येते, सपाट रस्त्यावर येत नाही. परीक्षा अशी : मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढावा, वरचा गिअर टाकावा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच सोडावा. इंजिन तत्काळ बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन फिरतच राहिले तर तो घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच, क्षणभर करावी. पुन्हा पुन्हा केली तर परीक्षेनेच प्लेट जळेल.

घसरतो हे ठरले म्हणजे लगेच प्लेट गेली असे नव्हे. आधी पेडल हाताने दाबून पाहावे. तारेच्या क्लचमध्ये पेडलला आरंभी थोडी मोकळी चाल असते, साधारण 20 ते 25 मिलिमीटर. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. प्लेट जसजशी झिजते तसतशी ही चाल कमी होते. चाल शून्य झाली म्हणजे पेडलवर पाय नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो, आणि घसरतो. अशा वेळी नट फिरवून तार जुळवली की कधी कधी गाडी आणखी काही महिने चालते. चाल बरोबर असूनही घसरतो तर मग इंजिनच्या मागल्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या ऑइल सीलमधून तेल उतरले आहे का, हे बेल हाउसिंगच्या खाली पाहावे. तेलाचा ओघळ दिसला आणि सील न बदलता नुसती नवी प्लेट घातली, तर ती नवी प्लेटही तेल पिईल. हा मूर्खपणा मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे, आणि गिऱ्हाईक दोनदा पैसे देते.

येथे इतिहास उपयोगी पडतो. जुन्या क्लचमध्ये वाटोळ्या मांडलेल्या गुंडाळी-स्प्रिंगा असत. प्लेट झिजली की त्या सैल पडत आणि दाब कमी होई, म्हणून पेडल हलके वाटू लागे. साठच्या दशकापासून मोटारींत ताटलीसारखी डायफ्रॅम स्प्रिंग सर्रास आली. तिचे वागणे उलटे. प्लेट झिजत जाते तसा तिचा दाब बराच काळ टिकून राहतो, उलट किंचित वाढतो, आणि पेडल जड होते. म्हणून जुना उस्ताद ‘पेडल हलके झाले, क्लच गेला’ म्हणे, तर आज ‘पेडल जड झाले, प्लेट संपत आली’ म्हणावे लागते. दोघेही आपापल्या काळात बरोबर. मात्र पेडल जड होण्याचे दुसरे कारण गंजलेली तार, आणि आपल्या खाऱ्या हवेत ते आधी तपासावे. तार स्वस्त आहे.

दुसरा रोग क्लच न सुटण्याचा. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरतो, विशेषतः रिव्हर्स. परीक्षा : इंजिन मंद चालू ठेवावे, पेडल पूर्ण दाबावे, चार-पाच सेकंद थांबावे, मग रिव्हर्स टाकावा. तेवढ्या वेळात सुटलेली प्लेट फिरायची थांबते. तरीही खरखर झाली तर प्लेट सुटत नाही. कारणे अनेक. मोकळी चाल फार झाली असेल, तार ताणली असेल. तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल, नाही तर नळीत हवा शिरली असेल. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर क्लच सुटू लागला तर हवा आहे असे बहुधा समजावे. एक गोष्ट मुलांना निक्षून सांगा : या टाकीत ब्रेकचेच तेल घालायचे असते. इंजिनचे तेल घातले की आतली रबरे फुगतात आणि सारे सिलिंडर बदलावे लागतात.

या रोगाचे एक खास आपल्याकडचे कारण आहे. पावसाळ्यात पर्यटक येत नाहीत, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि काही गाड्याही दोन-तीन महिने वाडीत उभ्या राहतात. दमट खाऱ्या हवेत फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटून बसते. नारळी पौर्णिमेनंतर मालक गाडी काढायला जातो तो गिअरच पडत नाही. पुष्कळदा येथे काही मोडलेले नसते. इंजिन गरम करून बंद करावे, मोकळ्या जागी, पुढे-मागे माणूस नसताना, पेडल दाबून व गिअर टाकून स्टार्टर मारावा. गाडी झटका देऊन चालू लागते, आणि ब्रेक लावताच चिकटलेली प्लेट बहुधा सुटते. न सुटली तर मग उतरवावे लागतेच. त्यापेक्षा उभी गाडी आठ-पंधरा दिवसांनी एकदा चालवणे आणि पेडल अनेकदा दाबणे सोपे.

तिसरा रोग थरथरण्याचा, म्हणजे त्या चामड्याच्या शंकूचे जुने दुखणे. गाडी सुटताना हादरे देते. प्लेटला तेल लागलेले असते, फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग पडलेले असतात, किंवा दोष क्लचचा नसतोच, इंजिनची रबरी माउंटिंग फाटलेली असतात. हे शेवटचे आधी पाहावे, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

निळ्या डागांवरून वाळू आठवली. नागाव, रेवदंडा, काशीदच्या वाळूत पाहुण्यांच्या गाड्या रुततात हे आपण दर मोसमात पाहतो. चाक रुतले की चालक घाबरतो, भरती येते आहे हे दिसत असते, आणि तो अर्धा क्लच धरून पुढे-मागे, पुढे-मागे करतो. चाके फिरत नाहीत, प्लेट मात्र घासत राहते. वर्षानुवर्षे टिकणारी प्लेट अशा काही मिनिटांत जळू शकते. आधी चाकापुढची वाळू उपसावी, टायरची हवा कमी करावी, झावळ्या घालाव्यात, आणि क्लच पूर्ण सोडून हळू निघावे. नाही तर दोर बांधून ओढून घ्यावे. खारे पाणी आत गेले असेल तर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय गाडी उभी करू नये.

चौथा प्रकार आवाजाचा. येथे कानाचा उस्ताद लागतो, पण नियम सोपा आहे. पेडल हलकेच दाबताच किरकिर सुरू होते आणि सोडताच थांबते, तर रिलीज बेअरिंग. उलट, पेडल सोडलेले असताना आवाज आणि दाबताच बंद, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा. पेडल तळापर्यंत दाबून धरल्यावरच आवाज येतो, तर फ्लायव्हीलमधले छोटे पायलट बेअरिंग. तीन आवाज, तीन वेगळी बिले.

दुरुस्तीविषयी थोडेच लिहितो, कारण ती हाताने शिकायची गोष्ट आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणी खाली जाऊ नये, भक्कम घोड्या लावाव्यात. बॅटरीची तार आधी काढावी. गिअरबॉक्सचे वजन प्लेटच्या मधल्या खाचांवर लोंबकळू देऊ नये, प्लेट वाकते. नवी प्लेट बसवताना तिची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हे तिच्यावरच लिहिलेले असते, ते वाचावे. मध्ये डमी शाफ्ट घालून ती बरोबर मध्यावर आणावी आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. अस्तराला ग्रीसचा हात लागू नये. एवढे उतरवल्यावर रिलीज बेअरिंग जुनेच ठेवणे ही काटकसर नव्हे.

आणि आता अ‍ॅस्बेस्टॉस. क्लच उघडला की आत काळसर बारीक भुकटी साठलेली असते. ती झिजलेल्या अस्तराची. गॅरेजमधला पोरगा काय करी? तोंडाने फुंकर मारी, किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवी. साऱ्या गॅरेजभर ती पसरे, आणि दुपारी तेथेच बसून डबा खाल्ला जाई. ब्रिटनमध्ये 1930 मध्ये मेरीवेदर आणि प्राइस यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात असा अहवाल सरकारला दिला, 1931 मध्ये कारखान्यांसाठी नियमही झाले. पण नियम कारखान्याच्या दारापर्यंत. गॅरेजमधल्या शागीर्दाला कोणी काही सांगितले नाही, येथेही नाही आणि तेथेही नाही. अ‍ॅस्बेस्टॉसने होणारे फुप्फुसाचे रोग व कर्करोग धूळ घेतल्यानंतर वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतात. तोवर माणसाने तो धंदाही सोडलेला असतो. युरोपीय संघात 2005 पासून त्याच्या वापरावर बंदी आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या तपासणीची कागदपत्रे काम सोडल्यानंतरही अनेक वर्षे जपण्यास सांगितले. गॅरेजच्या पोराचे तर कागदच नव्हते.

आजच्या पुष्कळ प्लेटा अ‍ॅस्बेस्टॉसविना बनतात व तसे खोक्यावर छापलेले असते. पण जुन्या गाडीतून निघालेल्या प्लेटवर काहीही छापलेले नसते. म्हणून भुकटी फुंकू नये, कोरड्या झाडूनेही झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी, ते फडके पिशवीत बांधून टाकावे, नाकातोंडावर योग्य मास्क असावा, आणि जेवण्यापूर्वी हात धुवून कपडे बदलावेत. आपला मुलगा कोणत्याही गॅरेजात शिकत असेल तर तेथे जाऊन भुकटी कशी काढतात एवढे एकदा डोळ्यांनी पाहून या.

आपल्या स्मरणिकांत प्रत्येक शोध मुसलमानांनीच लावला असे लिहिण्याची एक हौस असते. मी ती करणार नाही. क्लच अल्-जझरीने शोधला नाही. परंतु अल्-जझरीची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तो दियारबकिरच्या दरबारात यंत्रे करणारा कारागीर होता. सुलतान नासिरुद्दीन महमूदने त्याला सांगितले की, तू केलेल्या यंत्रांचे पुस्तक लिही. 1206 मध्ये त्याने ते पुरे केले. 50 यंत्रे, आकृत्यांसह, आणि कोणता तुकडा कसा ओतायचा, कसा बसवायचा हे सारे त्यात आहे. हाताचा हुनर असा कागदावर उतरला म्हणून 1974 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद होऊ शकला. आपल्या किनाऱ्यावरच्या किती उस्तादांनी वही ठेवली? गाडी कोणती, तक्रार काय, आत काय निघाले, असे तीन रकाने रोज भरले असते तर खाऱ्या हवेत कोणती तार किती महिने टिकते हे आज आपल्याला आकड्यांत सांगता आले असते.

कागदाचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही येतो. मुंबईत भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामच्या साबू सिद्दीक संस्थेत 1936 पासून तंत्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे तेथे ऑटोमोबाइलची पदवीही देता येऊ लागली. 1950 मध्ये देशात आयटीआयची योजना आली, तिच्यात मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात शिकण्याची वाट उघडली. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय केली गेली. आणि आखाताकडे पाहणाऱ्या घरांसाठी : 1983 च्या स्थलांतर कायद्याखाली जी व्यवस्था चालत आली तिच्यात दहावी उत्तीर्ण नसलेल्या मुलाला काही देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी वेगळी काढावी लागते, दहावी झालेल्याला ती लागत नाही. नववीतून काढून गॅरेजला घातलेल्या मुलाचा हात कितीही चांगला असो, त्याला या खिडकीवर थांबावे लागते. ‘अभ्यासात मन नाही, गॅरेजला घाला’ असे म्हणणाऱ्या पालकांनी हेही पाहावे की वर सांगितलेले तीन आवाज वेगळे ओळखायला मन लागतेच. पुस्तिकेतला मोकळ्या चालीचा आकडाही वाचता यावा लागतो.

मुंबईच्या रस्त्यावरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. तिचा गिअरचा दांडा सुकाणूशेजारी असे, आणि कोकणातल्या किती चालकांचा डावा पाय तिच्या क्लचवर म्हातारा झाला! आता विजेच्या गाड्या येत आहेत, त्यांना असा क्लच लागत नाही. 2014 पासून आपल्याकडे स्वस्त मोटारींतही दोनच पेडलांची आपोआप गिअर बदलणारी सोय आली. ती घेऊन लोक सुट्टीत रेवदंड्याला येतात आणि ‘या गाडीला क्लच नाही’ असे सांगतात. क्लच आहे. तीच कोरडी प्लेट, तेच फ्लायव्हील, फक्त पायाऐवजी एक यंत्र तो दाबते. पुलावर वाहने खोळंबली की हे चालक ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी चढाला तोलून धरतात. आत प्लेट घासत असते. काचा बंद असल्यामुळे वास त्यांना येत नाही, रस्त्याच्या कडेने चालत जाणाऱ्याला येतो.